तुरा पुढच्या साली

सिद्राम पैलवानाला घाम येत नाही, ही आमच्या जळकोटची त्याच्याविषयीची पहिली तक्रार. बाकीच्या तक्रारी मागाहून आल्या, अन् एकीचा निकाल लागायच्या आत दुसरी दारात हजर. त्या दिवसांत माणूस कधी हरला नव्हता. आसपासच्या जत्रांत त्याच्यापुढं उभा राहिला अन् पाठीला माती न लागता घरी गेला, असा गडी मी तरी बघितला नव्हता. तरी गाव त्याच्यावर खूश नव्हतं. का नव्हतं, ते मला तेव्हा उमजलं नाही. आता सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते एवढं वय झालंय. लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला सगळं उमजतं. कशाचं उमजतंय! उलट जुन्या गोष्टी उकरून काढल्या की डोक्याचा पार गुंता होतो.

मी गंगाराम शिंपी. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण माझं दुकान सडकेला लागून, दुकानापुढं लांब ओटा, अन् ओट्यावर लिंबाची सावली. सावली फुकट असली की तिथं जाणकार गोळा होतात, त्यांना बोलवावं लागत नाही. मी मशीन चालवायचो अन् ते कुस्त्या चालवायचे. वर सिद्रामची कुस्तीची लांग, म्हणजे लंगोट, अन् जांघ्या शिवायचं काम माझ्याकडंच होतं. त्यामुळं एका कानानं गावाचं अन् दुसऱ्या कानानं सिद्रामचं, असं दोन्ही माझ्यावरच येऊन पडायचं.

सिद्रामचं घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मटणाचा वाससुद्धा घरात नाही. दूध, तूप, ज्वारीची भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी यावर तेवढं मोठं अंग कसं उभं राहिलं, ते त्याच्या महादेवालाच माहीत. घरात कानडी, गावात मराठी अन् तहसिलीत गेलं की उर्दू, अशा तिन्ही भाषा त्याला येत होत्या अन् तिन्हींत तो कमीच बोलायचा. दुकानात आला की वहाणा खाली काढायचा, माझी शिलाई थांबेपर्यंत उभा राहायचा, मग हळूच म्हणायचा, "अण्णा, सवड हाय का?" एवढ्या देहाचा माणूस, पण बोलणं नव्या सुनेचं.

त्याची एक खोड होती. कुठलीही वस्तू तो आवाज न करता ठेवायचा. पाण्याचा तांब्या असो, माझी कोळशाची इस्त्री असो, तालमीत उचलायची दगडी नाल असो. जमिनीला टेकली हे कळायचं नाही. माणसाचंही तसंच. समोरचा पैलवान किती का वजनाचा असेना, सिद्राम त्याला उचलायचा अन् खाली येताना एक तळवा त्याच्या मानेखाली घालायचा. पाळण्यात पोर ठेवावं तसा गडी मातीवर ठेवायचा. तरुणपणी तालमीत त्याच्या हातून एका जोडीदाराची मान लचकली होती. तो जोडीदार चांगला बरा झाला, बैल हाकायला लागला, पण सिद्रामच्या मनातून ते गेलं नाही. गडी खाली आला की त्याच्या कानाशी तोंड नेऊन तो विचारायचा, "साकू?" कानडीत साकू म्हणजे पुरे. ज्याला कानडी येत नव्हतं त्याला वाटायचं, हा आपल्याला आईवरून काहीतरी बोलतोय. त्यावरूनही एकदा भांडण झालेलं आहे.

आता गावाकडून बोलणारा मुख्य माणूस सांगतो. दगडू वस्ताद. वस्तादाचे कान मोडून मोडून भज्यासारखे झालेले, मिशा पांढऱ्या, अन् आवाज असा की ओट्यावर बोलला तर वेशीत ऐकू जावा. गावची तालीम त्याच्याकडं. जवानीत त्याची एक कुस्ती झाली होती तामलवाडीच्या एका पैलवानाशी. दुपारी लागली ती दिवस मावळेपर्यंत चालली. शेवटी दोघांनाही उभं राहवेना म्हणून पंचांनी हात धरून सोडवली. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. ती कुस्ती वस्ताद दर चार दिवसांनी आम्हाला सांगायचा, अन् दर साली त्या कुस्तीतला दिवस जरा उशिरा मावळायचा.

आमच्या गावची एक रीत होती. चैत्रात महादेवाची जत्रा, अन् जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड, मधे खाली माती अन् भोवती उतारावर माणसं. नारळापासून सुरुवात व्हायची, शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. कड्याची कुस्ती जिंकेल त्याला पंचांनी फेटा बांधायचा. पण फेट्याचा तुरा, तो मात्र गावच्या वस्तादानं स्वतःच्या हातानं शेवातून वर काढायचा. पंचाचा फेटा म्हणजे तू जिंकलास. वस्तादाचा तुरा म्हणजे तू पैलवान झालास. या दोन गोष्टी आमच्याकडं वेगळ्या होत्या. बाहेरच्याला हा येडेपणा वाटेल, पण गावचा कायदा तो कायदा.

सिद्रामनं पहिल्यांदा कडं मारलं तेव्हा पंचांनी फेटा बांधला अन् सगळे वस्तादाकडं बघायला लागले. वस्ताद खाली उतरला, सिद्रामच्या भोवती एक फेरी मारली, बोटानं त्याच्या छातीवरून रेघ ओढून बघितली, बोट कोरडं. म्हणाला, "तुरा पुढच्या साली." लोक हसले, सिद्रामही पाया पडून निघून गेला. आम्हाला वाटलं, म्हातारा पोराला जरा तंगवतोय. पण पुढच्या सालीही तेच. त्याच्या पुढच्या सालीही तेच.

सिद्रामला त्या तुऱ्याचं काय एवढं, असं मी एकदा विचारलं. कडी घरात लटकलेली, नाव झालेलं, एक वीतभर कापड वर आलं काय न् नाही आलं काय!

"अव्वा इचारती, अण्णा," तो म्हणाला.

अव्वा म्हणजे त्याची आई. नवरा कधीचा गेलेला, हा एकच पोरगा. ती म्हातारी जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहायची. नजर अधू झाली होती, म्हणून पोराचं डोकं खाली घेऊन हातानं फेटा चाचपायची अन् विचारायची, "मगा, तुरा येल्ली?" बाळा, तुरा कुठं रे? अन् हा एवढा धिप्पाड गडी, मोठमोठ्यांना अस्मान दाखवणारा, तिथं शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा उभा. म्हणायचा, पुढच्या साली, अव्वा.

पण वस्ताद एकटाच कुठं होता? सगळा गाव त्याच्या मागं होता. एका जत्रेला इंग्रजी मुलखातला एक नामांकित पैलवान आणला. लोक कुठून कुठून गाड्या जुंपून आले, भाकरी बांधून, पोरंबाळं घेऊन. कासार शिरशीची एक आख्खी वऱ्हाडासारखी पलटण आली होती. सलामी झाली, हात हाताला लागला, अन् सिद्रामनं ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याला बगलेत धरून आपल्याच अंगावरून पलीकडं नेणं. गडी वर गेला, अलगद खाली आला, साकू. झालं! माझ्या शेजारी बसलेला गावचा आडत्या तंबाखू मळत होता, त्यानं वर बघितलं तर लोक उठायला लागलेले.

"झाली?" तो म्हणाला. "आरं, ह्याच्या तर! म्या तळहातावरचा चुनासुदिक झाडला न्हाय!"

लोक खवळले. एक जण तर रडकुंडीला येऊन म्हणाला, म्या जरा पाणी प्यायला मान फिरवली व्हती, पुन्यांदा करा. हलगीवाला मारुती वेगळाच तापला. जाळावर शेकून शेकून त्यानं हलगी तयार ठेवली होती, अन् तिच्यावर टिपरू पडतंय न पडतंय तोच कुस्ती संपली. "ह्यो मानूस कुस्ती करतोय का आमची चेष्टा करतोय?" तो मला दुसऱ्या दिवशी विचारत होता. मी काय सांगणार? माझाही त्याच्यावर राग होताच. बाकीच्या पैलवानांच्या लांगा सालात दोनदा फाटायच्या, सिद्रामची मेली फाटतच नव्हती.

ओट्यावर वस्तादानं निकाल दिला. "धप्प आवाज आला का? न्हाय. घाम आला का? न्हाय. दुसऱ्याच्या पाठीला माती किती, तर रांगोळीयेवडी. ही कुस्ती न्हवं, ही जादू हाय. जादूगाराला कुनी तुरा देतं व्हय?"

सिद्राम दुकानात आत उभा राहून ऐकत होता. मला म्हणाला, "अण्णा, लवकर केली ती चूक झाली का?"

"तसं दिसतंय खरं," मी म्हणालो. मला तरी काय ठाऊक!

पुढच्या जत्रेला त्यानं शहाणपण केलं. कुस्ती लांबवली. समोरचा गडी यथातथाच होता, पण सिद्रामनं त्याला धरू दिलं, सुटू दिलं, फडाच्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं. मारुतीची हलगी मनासारखी वाजली. आडत्यानं दोनदा तंबाखू खाल्ली. मला वाटलं, चला, सुटला बिचारा. अन् शेवटी सिद्रामनं गडी अलगद ठेवल्याबरोबर पहिली आरोळी आली, "नुरा! नुरा कुस्ती! दोगांनी ठरवून केली!" बघता बघता सगळा फड ओरडायला लागला. वरून कुणीतरी ढेकूळ मारलं. वस्ताद खाली उतरलाच नाही, बसल्या जागेवरून हात हलवून म्हणाला, पुढच्या साली.

आता सांगा, माणसानं करावं काय? लवकर केली तर जादू, उशिरा केली तर नुरा. मी त्या दिवशी ओट्यावरच्या मंडळींना चांगलं झापलं. म्हटलं, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनाही सांगता येईना! शेवटी आडत्या म्हणाला, "गावात काय, कुत्रंबी वाघ असतंय. सोलापुरात जिंकून दाखवावं."

सिद्राम सोलापुरात गेला. तिथं जिंकला, तिथल्या लोकांनी भारी वजनाचं कडं दिलं, ते हातात घालून बैलगाडीनं परत निघाला. आता सोलापूर इंग्रजाचं अन् आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. नळदुर्गाच्या अलीकडं-पलीकडं हद्द, अन् हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथल्या जवानानं कडं बघितलं.

"ये क्या है?"

"कुश्तीका इनाम."

"पैलवान हो क्या तुम?" जवानानं वरपासून खालपर्यंत बघितलं. तो स्वतःही चांगला उंचापुरा, कधी काळी आखाड्यात उतरलेला असणार. पट्टा सोडून बाजूला ठेवला अन् म्हणाला, "तो दिखाओ."

मी त्या गाडीत होतो, सोलापुरातून दोऱ्याची रिळं आणायला गेलेलो. भर उन्हात, सडकेच्या कडेला, गाड्या थांबलेल्या, अन् हे दोघं फुफाट्यात उभे. सिद्रामनं आधी सडकेला हात लावून नमस्कार केला, मग जवानाला उचललं, टोपीसकट उचललं, अन् टोपी न पडू देता खाली ठेवलं. विचारलं, "साकू?"

जवान मातीवर पडल्या पडल्या आभाळाकडं बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता सुटलो. उठला, कपडे झटकले अन् म्हणाला, "इत्ते में क्या होता, मियाँ? मैं तय्यारच नै था!"

म्हणजे बघा! ज्याचा आमच्या गावाशी काडीचा संबंध नाही, ज्यानं सिद्रामला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तोसुद्धा तेच! त्यानं गाडी सोडली, चहा पाजला, पण शेवटपर्यंत म्हणत होता, फिरसे आना. मी गाडीत हसत होतो. सिद्राम हसला नाही. नाका मागं पडल्यावर म्हणाला, "अण्णा, माझ्यात काय तरी कमी असंल. समद्यांस्नी दिसतंय, म्हंजी असंलच."

माझं हसू तिथंच आटलं. लई वाईट वाटलं मला. खोटं कशाला सांगू?

गावात आल्यावर ओट्यावर काय ऐकू आलं असेल? सोलापूरची माती मऊ असती. बस.

असं करता करता सिद्रामचे गुडघे बोलायला लागले. बसता उठताना हात टेकायला लागला. अन् ढोकीकडं, त्या आगगाडीच्या गावात, रघू म्हणून एक पोरगा निघाला. बुटका, चिवट, हातात न सापडणारा. त्या चैत्रात कड्याची कुस्ती सिद्राम अन् रघूची लागली.

त्या कुस्तीचं मी काय वर्णन करू? मला डावांची नावं येत नाहीत. एवढं सांगतो, दुपारी लागली अन् सावल्या लांब झाल्या तरी सुटेना. सिद्रामनं ढाकेला हात घातला की रघू खालून निसटायचा. सिद्रामचा दम लागलेला आम्हाला ऐकू यायला लागला. अन् मग कुणीतरी ओरडलं, "घाम! आरं, घाम आला!" खरंच. छातीवरून, पाठीवरून नुसत्या धारा. माती अंगाला चिकटून चिकटून तो ओळखू येईना. लोक उभे राहिले. मारुती रडत रडत हलगी वाजवत होता. जी माणसं इतकी सालं नाक मुरडून बसायची ती माणसं घसा फुटेपर्यंत ओरडत होती, "सिद्रामा, सोडू नको! सिद्रामा!" मी शेजारच्याकडं बघितलं. आडत्याच्या हातातली तंबाखू कधीच सांडली होती.

अन् सिद्रामला ढाक सापडली. रघू वर गेला. वर गेल्यावर ते पोरगं घाबरलं अन् हवेतच उलटं वळलं. मला दिसलं ते सांगतो. डोकं खाली, मान वाकडी, अन् वरून सिद्रामचं सगळं वजन. त्या क्षणी सिद्रामचा हात त्याच्या कमरेवरून सुटला अन् मानेखाली गेला. कमरेचा हात सुटल्यावर राहिलं काय? दोघं फिरले, अन् खाली आला तो सिद्राम. दोन्ही खांदे मातीला टेकलेले, उजवा तळवा तसाच रघूच्या मानेखाली.

पंचानं हात वर केला. हलगी बंद पडली.

पंचांनी रघूला फेटा बांधला. बिचारं पोरगं, त्याला आपण जिंकलो हे पटत नव्हतं. सगळे वस्तादाकडं बघायला लागले. वस्ताद काठी टेकत खाली उतरला, रघूच्या जवळ आला, त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणाला, "तुझा पुढच्या साली, लेकरा." मग पुढं गेला. सिद्राम गुडघ्यावर बसून फडाच्या मातीला हात लावत होता. वस्तादानं काठी टाकली, स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडला, सिद्रामच्या डोक्याला बांधला अन् तुरा काढला. असा ताठ तुरा मी आयुष्यात बघितला नाही, अन् आयुष्यभर कापडातच माझे हात आहेत.

"वस्ताद, म्या पडलो," सिद्राम म्हणाला.

"दिसलं मला."

"मग ह्यो तुरा कशाचा?"

वस्ताद वाकून टाकलेली काठी उचलायला लागला. तेवढ्यात लोक फडात घुसले, अन् जो दंगा उसळला त्याला तोड नाही. पडलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते अन् जिंकलेला पोरगा एका कडेला आपलं कडं शोधत होता. सिद्राम तुऱ्याला हात घालून फेटा काढायला बघायचा, की चार हात वर येऊन त्याचा हात खाली ओढायचे.

तशीच मिरवणूक त्याच्या दारात गेली. दिवेलागण झालेली. अव्वा ताट घेऊन उभी. लोकांनी त्याला खाली उतरवलं. म्हातारीनं त्याचं डोकं खाली घेतलं, हात फिरवला, अन् तो हात तुऱ्यावर जाऊन थांबला. तिनं तुरा बोटांनी वरपर्यंत चाचपला. मग ताट शेजारणीच्या हातात देऊन दोन्ही हातांनी चाचपला.

"तुरा!" ती म्हणाली. "मगा, तुरा!"

काय तो चेहरा! जिंकल्याशिवाय तुरा नसतो, हे तिला जन्मभर ठाऊक. तिनं विचारलंसुद्धा नाही.

सिद्राम म्हणाला, "अव्वा, म्या आज..."

अन् दगडू वस्ताद मागून एवढ्यांदा ओरडला, "आरं मारत्या, वाजीव की रं! मेलास का काय?" मारुतीनं हलगीवर असं टिपरू हाणलं की सिद्रामचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यानं परत तोंड उघडलं, मारुतीनं परत हाणलं. अव्वा त्याच्या डोक्यावरून बोटं मोडत होती, गालावरून हात फिरवत होती, कानडीत काय काय बोलत होती. शेवटी सिद्रामनं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"साकू, अव्वा," तो म्हणत होता. "साकू, साकू."

म्हातारीनं तो फेटा पुढं सोडू दिला नाही. तुऱ्यासकट खुंटीवर ठेवला. ती त्यानंतर फार जगली नाही, पण जगली तोवर येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायची. अन् इथंच माझं डोकं चालेनासं होतं. आमच्या गावात एकाच्या घरात दूध नासलं तर दुसऱ्या गल्लीला आधी कळायचं. कुणाचं झाकलेलं कधी झाकलेलं राहिलं नाही. पण तिचा पोरगा त्या दिवशी पडला होता, हे तिला एका माणसानं सांगितलं नाही. आडत्यानं नाही, मारुतीनं नाही, बायकांनीसुद्धा नाही! त्याला ढेकूळ मारणारी हीच माणसं. मग यांचा त्याच्यावर जीव होता की नव्हता? होता तर इतकी सालं दडवला कशाला? माझ्यासारख्या शिंप्यानं याचा अर्थ लावायचा कसा?

मी वस्तादाला विचारलं होतं. एकदा नाही, तीनतीनदा. पहिल्यांदा म्हणाला, "त्याला घाम आला, म्हनून दिला." दुसऱ्या वेळी म्हणाला, "त्याची आई म्हातारी झाली, गंगाराम." तिसऱ्यांदा म्हणाला, "तुला काय करायचंय? तू आपला शिवत बस." मी म्हटलं, वस्ताद, तो पडला नाही, त्यानं हात काढला, पोराची मान वाचवायला काढला, मी बघितलं. वस्ताद म्हणाला, "निसटला." सिद्रामला विचारलं, तर तो खाली बघून म्हणाला, "घाम आलता, अण्णा. हात निसटला." करणारा म्हणतो निसटला, बघणारा म्हणतो निसटला. मग मी एकटा काय बघून बसलो?

त्यानंतर, निजामाच्या शेवटच्या सालांत, दिवस बिघडले. मोगलाईत कुणाला रात्रीची झोप राहिली नाही. गावंच्या गावं हद्दीपलीकडं गेली. मीही मशीन गाडीत घालून सोलापुरात जाऊन राहिलो. दगडू वस्ताद तिकडंच परक्या गावात वारला. जत्रा बंद, फड बंद. निजामी संपली, माणसं एकेक करून परत आली, लिंबाखालचा ओटा झाडला अन् जाणकार आपापल्या जागेवर बसले. चैत्रात परत फड भरला. आता गावची तालीम सिद्रामकडं होती, म्हणजे वस्ताद तोच. कड्याच्या कुस्तीला रघू.

सलामी झाली, अन् आडत्यानं तळहातावर तंबाखू घेतली. बाकीचं सांगायला पाहिजे का? त्यानं वर बघितलं तेव्हा रघूपुढचा गडी चीत झालेला होता.

"ही काय कुस्ती?" लोक ओरडायला लागले. "सिद्रामाच्या येळंला असं न्हवतं! कसं अलगद ठिवायचा तो! कसं लोन्यावानी! ह्या ढोकीवाल्याला घाम तरी आला का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हेच लोक! याच फडात!

पंचांनी रघूला फेटा बांधला. सिद्राम गुडघ्यावर हात टेकून उठला अन् हळूहळू खाली उतरला. तो रघूपुढं उभा राहिला. त्यानं फेट्याचा सुटा शेव हातात घेतला. त्यानं रघूच्या छातीकडं बघितलं, कोरडी ठणठणीत. वरच्या लोकांकडं बघितलं. मी मनात म्हटलं, हा आता म्हणतोय, पुढच्या साली.

सिद्रामनं त्या शेवानं पोराचं कपाळ पुसलं. घामाचा थेंब नव्हता, पण नीट पुसलं, या कानापासून त्या कानापर्यंत, मग मान पुसली. अन् त्याच शेवाचा तुरा काढला.

"साकू," तो म्हणाला.

रघूचे डोळे भरून आले. अन् माझ्या मागून, फडाच्या पार वरून, आवाज आला, "लई लवकर दिला! दगडू वस्ताद असतं तर दिला नसता!"

मी मागं वळून शिवी देणार, एवढ्यात सिद्राम हसला. इतक्या सालांत मी त्याला कधी दात दाखवताना बघितलं नव्हतं. तो फडाच्या मधोमध उभा राहून, कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला. कशाला हसतोय, ते त्यानं सांगितलं नाही. रघू तुरा सावरत त्याच्याकडं बघत होता, मी वरून बघत होतो, अन् आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं.